डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया आणि न दिसण्याचे मधले आठवडे

पाचपाखाडीकर

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, सुटला आणि ठाण्यातल्याच एका रुग्णालयात त्यावर विट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला द्रव काढून पडदा पुन्हा बसवण्याची आणि शेवटी आत गॅस भरण्याची शस्त्रक्रिया, झाली. डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे. त्याने खोलीत कोणीतरी आहे एवढे कळते, कोण ते कळत नाही. त्यामुळे चांगल्या डोळ्यात गॅस भरल्यावर पुढचे काही आठवडे मी व्यवहारापुरता आंधळाच होतो. आता दृष्टी बरीच परत आली आहे. शस्त्रक्रियेविषयी आंतरजालावर पुष्कळ वाचायला मिळते. घरी आल्यानंतर रुग्णाने आणि घरच्यांनी दिवस कसे काढायचे याविषयी मराठीत फारसे काही सापडले नाही, म्हणून हा धागा.

नेमके काय होते ते आधी सांगतो. डोळ्याच्या पोकळीत काचद्रव नावाचा घट्टसर पारदर्शक पदार्थ असतो. वयोमानाने तो आक्रसतो आणि पडद्यापासून सुटताना कधीकधी पडदा फाडतो. त्या फटीतून द्रव मागे शिरला की पडदा भिंतीपासून उचलला जातो. ज्यांचा उणे नंबर मोठा असतो त्यांना हा धोका अधिक. कडेला विजेसारखे लखलखणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे आणि एका बाजूने सावली सरकत येणे ही त्याची लक्षणे. ती सावली मध्यभागापर्यंत, म्हणजे ज्या भागाने आपण वाचतो त्या मॅक्युलापर्यंत पोहोचण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर निकाल पुष्कळच चांगला लागतो. अशा वेळी ‘सोमवारी दाखवू’ म्हणणे परवडत नाही.

शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक छिद्रे पाडून काचद्रव काढून घेतात, पडदा जागेवर बसवतात, फाटलेल्या जागेभोवती लेसर मारतात आणि शेवटी गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. मला भूल फक्त डोळ्यापुरती होती. डॉक्टरांचे बोलणे ऐकू येत होते, दुखत काही नव्हते. गॅसविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो, तो म्हणजे गॅस पडदा चिकटवतो. तसे नाही. लेसरचे व्रण पक्के व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि तोवर गॅसचा बुडबुडा फाटलेली जागा आतून दाबून धरतो. बुडबुडा नेहमी वर चढतो, म्हणून फाटलेली जागा वर येईल अशा बेताने मान ठेवावी लागते. त्यामुळे कोणाला पालथे राहावे लागते, कोणाला एका कुशीवर, कोणाला नुसते ताठ बसून. एसएफ६ हा गॅस दोन-तीन आठवड्यांत विरतो, सी३एफ८ ला सहा ते आठ आठवडे लागतात. तेल मात्र आपोआप जात नाही. ते काढायला काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

दिसते कसे, हे मला कोणी आधी सांगितले असते तर रात्रीची झोप उडाली नसती. सुरुवातीला फक्त उजेड, आणि डोळ्यासमोर हात हलवला तर ती हालचाल. मग दृष्टीच्या वरच्या कडेला एक स्वच्छ पट्टी उगवते. गॅस डोळ्यात वरच्या बाजूला असतो, पण पडद्यावरची प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे तो आपल्याला खाली दिसतो. वरचे स्वच्छ आणि खालचे धूसर यांच्यामधली रेषा गवंड्याच्या पाणसळीसारखी कायम आडवी असते. मान कलती केली तरी आडवीच, आणि रिक्षा खड्ड्यातून गेली की डचमळते. (घोडबंदर रोडवर ती स्थिर अशी मी पाहिलेली नाही.) रेषा दिवसेंदिवस खाली उतरत जाते. शेवटी तळाशी एक गोल बुडबुडा उरतो. खाली वाकून पाहिले की तो नजरेच्या मध्यभागी येतो, कधी फुटून त्याचे दोन-तीन होतात, आणि एका सकाळी तो नसतो.

आता मूळ मुद्दा. रुग्णालयाने मला शस्त्रक्रियेसाठी व्यवस्थित तयार केले होते, पुढच्या आठवड्यांसाठी मुळीच नाही. घरी सोडताना बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेला सूचनांचा कागद माझ्या हातात दिला, ज्याला दिसत नाही त्याच्या हातात! माझे म्हणणे असे की न दिसण्याची तयारी दिसत असतानाच करावी आणि ती रुग्णापेक्षा घरच्यांनी अधिक करावी. पडदा सुटला असेल तर हाताशी एखादी संध्याकाळच असते, पण तीही पुरते.

आमच्याकडे त्या संध्याकाळी मुलीने घरातून एक फेरी मारली आणि गुडघ्याच्या उंचीवरचे सगळे हलवले, म्हणजे टीपॉय, चपलांचा स्टँड, गॅलरीच्या दाराशी ठेवलेली कुंडी. दारांचा नियम ठरला: पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड सरळ कपाळावर बसते आणि नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला तो धोका परवडणारा नाही. पाण्याचा तांब्या पलंगाच्या डाव्या अंगाला, भांडे त्याच्यावर उपडे. तो कोणीही, ‘पुसून घेते’ म्हणूनसुद्धा, हलवायचा नाही.

जेवणाचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. आपल्याकडे ताट वाढण्याची जी जुनी रीत आहे, वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, खाली भात-पोळी, ती न दिसणाऱ्यासाठीच घडवली असावी असे वाटावे इतकी सोयीची आहे. हल्ली घाईत आपण ताटात काहीही कुठेही वाढतो. पत्नीने रीत पुन्हा सुरू केली आणि बोट कुठे जाते आहे ते मला कळू लागले. आमटी तेवढी वाटीत कमी हवी.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

घोडबंदरची_सून

धागा अगदी वेळेवर आला. माझ्या सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याला मॅक्युलर होल, म्हणजे मॅक्युलाला पडलेले छिद्र, आहे आणि पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली आहे. सी३एफ८ गॅस भरणार आणि काही दिवस पालथे ठेवणार, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांचा उजवा डोळा मोतीबिंदूमुळे अंधुक आहे. वय ६८, कंबरदुखी जुनी, रात्री लघवीला तीनदा तरी उठतात. आमचे घर एका बेडरूमचे. पालथे म्हणजे चोवीस तास पालथे का? शिवाय पुढच्या महिन्यात पुण्याला सख्ख्या पुतण्याचे लग्न आहे; मोटारीने सावकाश नेले तर चालेल, असे घरात सगळ्यांचे म्हणणे आहे.

निवृत्त_परिचारिका

ताई, मी नेत्रविभागात बरीच वर्षे काढली आहेत, त्या आधारावर सांगते. तरी तुमच्या शल्यविशारदांनी सांगितले असेल तेच अंतिम धरावे, कारण छिद्र किती मोठे आणि कुठे आहे ते त्यांनी पाहिलेले असते.

पालथे याचा अर्थ पोटावर झोपणे असा नसून चेहरा जमिनीला समांतर ठेवणे असा आहे, आणि ही गोष्ट नातेवाइकांना सांगून सांगून तोंड दुखते. टेबलाशी बसून, टेबलावर घडी केलेल्या दोन जाड टॉवेलांवर कपाळ टेकवले तरी ते पालथेच झाले. उभे राहून, चालताना मान खाली घातली तरी झाले. त्यामुळे कंबरेचे दुखणे असणाऱ्यांनी जास्त वेळ बसून काढावा आणि रात्रीच झोपावे. टॉवेल असे ठेवा की भार कपाळावर आणि हनुवटीवर येईल, डोळ्यावर अजिबात नाही. छातीखाली लोड घेतला की मानेवरचा ताण निम्मा होतो. बहुतेक डॉक्टर जेवण, शौच आणि थेंब घालणे यासाठी दर तासाला थोडी सूट देतात. ती किती, हे घरी जायच्या आधी स्पष्ट विचारून घ्या. काहीही झाले तरी उताणे झोपायचे नाही. उताणे झोपल्यावर बुडबुडा पुढे येऊन नैसर्गिक भिंगाला आणि बुबुळाला रेटतो, त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही लवकर होतो. झोपेत वळण्याची सवय असेल तर पाठीला टेनिसचा चेंडू मोज्यात घालून शिवून टाका. उपाय हास्यास्पद वाटतो, पण चालतो.

रात्री उठण्याविषयी: पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर दिवा जळता ठेवा आणि वाटेत पायपुसणे ठेवू नका. गॅस भरलेल्या रुग्णांच्या पडण्याच्या घटना मी पाहिल्या त्या बहुतेक पायपुसण्यावरूनच.

थेंब हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. सहसा तीन बाटल्या असतात: जंतुनाशक, सूज उतरवणारे स्टिरॉइड आणि बाहुली मोठी ठेवणारे औषध. दोन वेगळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. स्टिरॉइडची बाटली पांढऱ्या द्रवाची असेल तर आधी हलवायची. बाटलीचे टोक पापणीला लागू द्यायचे नाही. थेंब पडल्यावर डोळा हलकेच मिटून नाकाशेजारचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरला तर औषध घशात उतरत नाही. बाटल्या ओळखायला एकीला एक रबरबँड, दुसरीला दोन, तिसरीला तीन. रुग्णाला दिसत नसले तरी स्वतःचे औषध स्वतः ओळखता येते, आणि त्याने जो धीर येतो तो कुठल्याही गोळीने येत नाही. स्टिरॉइड एकदम बंद करू नये, सांगितल्याप्रमाणे उतरवत न्यावे. काही जणांचा दाब याच औषधाने चढतो, म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये.

डोळा थोडा खुपणे, लाल असणे, पाणी येणे हे अपेक्षित आहे. वेदना वाढत जाणे, दुखण्याबरोबर उलट्या होणे, पू येणे, असलेली दृष्टी एकाएकी कमी होणे किंवा पुन्हा सावली दिसणे, यांपैकी काही झाले तर रात्र आहे की रविवार आहे ते न पाहता रुग्णालय गाठायचे.

पुण्याच्या लग्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यामागचे कारण इथले कोणी अभियंते माझ्यापेक्षा नीट सांगतील.

अभियंता_कळवा

सांगतो. ठाणे आणि नवी मुंबई समुद्रसपाटीला लागून आहेत. लोणावळा साधारण ६२० मीटर उंचीवर आहे, पुणे ५६० च्या आसपास. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो, आणि बंदिस्त गॅस त्याच प्रमाणात फुगू पाहतो. काचद्रवाची पोकळी जेमतेम चार मिलिलिटरची असते. ती गॅसने भरलेली असेल तर सात टक्के म्हणजे सुमारे पाव मिलिलिटर जास्तीची जागा हवी, आणि डोळ्याचे कवच ताणले जात नसल्यामुळे ती मिळत नाही. मग डोळ्यातला दाब चढतो आणि फार चढला तर पडद्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो. मोटार सावकाश चालवल्याने उंची कमी होत नाही, हे घरच्यांना समजावून सांगा. नाशिकला जायचा कसारा घाट, माळशेज, सगळ्यांना हाच हिशोब लागू. विमानात तर केबिनचा दाबच मुळी १८०० ते २४०० मीटर उंचीइतका ठेवलेला असतो, त्यामुळे गॅस असेपर्यंत विमानप्रवास पूर्ण वर्ज्य.

उलटा प्रसंगही ध्यानात ठेवावा. कोणाची शस्त्रक्रिया पुण्यात होऊन त्याला ठाण्याला परत यायचे असेल तर घाट उतरताना गॅस आक्रसतो आणि दाब घटतो. तेव्हाही डॉक्टरांना आधी विचारूनच निघावे.

निवृत्त_परिचारिका

उत्तम. यात एक भर घालते. गॅस भरलेल्या रुग्णाच्या मनगटावर बऱ्याच ठिकाणी एक पट्टी बांधतात. ती गॅस जाईपर्यंत कापू नका. मधल्या काळात अपेंडिक्स म्हणा, हाड मोडणे म्हणा, काही कारणाने पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर नायट्रस ऑक्साइड वापरता येत नाही. तो वायू बुडबुड्यात शिरून त्याला झपाट्याने फुगवतो. दातांच्या दवाखान्यातही हे सांगावे. पट्टी नसेल तर कागदावर लिहून खिशात ठेवा.

जुन्या_वळणाचा

सर्व माहिती उपयुक्त आहे, परंतु आमच्या वेळी डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अंधाऱ्या खोलीत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, निश्चल ठेवत असत. आंबट, तिखट, वातूळ सगळे बंद असे. हल्ली दुसऱ्याच दिवशी माणसाला चालायला लावतात, दूरदर्शन पाहू देतात. हे मनाला पटत नाही.

निवृत्त_परिचारिका

काका, वाळूच्या पिशव्या मीही पाहिल्या आहेत. त्या काळी मोतीबिंदूची जखम मोठी असे आणि तिला आजच्यासारखे बारीक टाके नसत, तेव्हा डोके हलले तर जखम उघडण्याची भीती खरी होती. पडद्याच्या बाबतीत तर १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या ज्युल गोनँ यांनी फाटलेली जागा शोधून ती बंद केली पाहिजे हे दाखवून देईपर्यंत निश्चल पडून राहण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते. विट्रेक्टॉमी तर १९७० च्या दशकात रॉबर्ट माखेमर यांच्यामुळे रुळली. आता छिद्रे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी असतात आणि बहुतेक वेळा टाक्यांशिवाय मिटतात. नेहमीच्या उजेडाने पडद्याचे नुकसान होत नाही. बाहुली मोठी असल्यामुळे तो खुपतो, म्हणून काळा चष्मा, इतकेच. दूरचित्रवाणी चांगल्या डोळ्याने पाहायला हरकत नसते, मानेची सांगितलेली स्थिती मोडली नाही म्हणजे झाले. पथ्याविषयी म्हणाल तर आंबटाचा डोळ्याशी संबंध नाही. मधुमेह असेल तर साखर काटेकोर हवी, आणि कुंथावे लागू नये म्हणून पाणी, पालेभाजी, फळे भरपूर. डोक्यावरून अंघोळ, जड उचलणे आणि डोळा चोळणे हे मात्र खरोखरच बंद. रात्री प्लॅस्टिकचे कवच लावूनच झोपायचे.

सानपाडा_पूर्व

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो आणि रोज ट्रान्स-हार्बर लाइनने प्रवास करतो. धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, ऐकला. तुमच्यापैकी बहुतेकांची दृष्टी काही आठवड्यांत परतणार आहे, त्यामुळे ब्रेल शिका वगैरे सांगणार नाही. पण थोड्या काळासाठी न दिसणारा माणूस एक गोष्ट हमखास करतो, ती म्हणजे उरल्यासुरल्या दृष्टीने सगळे रेटून नेणे. धूसर दिसते तेवढ्यावर चहा ओततो, जिना उतरतो. अर्धवट दृष्टी पूर्ण अंधत्वापेक्षा अधिक फसवी असते, हे आमच्या वर्तुळात कोणीही सांगेल. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. कपाच्या दोन बोटे अलीकडेच चहा सांडतो. तेव्हा ज्या कामात चटका आहे, धार आहे किंवा पायरी आहे, तिथे डोळ्यावर भिस्त ठेवू नका, हातावर ठेवा.

चहा ओतण्याची आमची पद्धत अशी: कप ताटलीत ठेवायचा, किटलीची चोच किंवा भांड्याची कड कपाच्या कडेला प्रत्यक्ष टेकवायची, मगच कलती करायची. कप भरत आला की ओतण्याचा आवाज चढत जातो. कान तयार होईपर्यंत गार पाण्यावर सराव करा. जिन्यावर कठड्याला हात, पायाच्या टाचेने मागची पायरी चाचपून मग पुढचा पाय. कोणी सोबत असेल तर त्याने तुम्हाला धरायचे नाही, तुम्ही त्याचा कोपर धरायचा आणि अर्धे पाऊल मागे चालायचे. लोक प्रेमाने दंडाला धरून ढकलतात, त्याने माणूस हमखास अडखळतो.

पैशांविषयी: नव्या मालिकेच्या नोटांची लांबी मूल्यानुसार वाढत जाते. १०० ची १४२ मिलिमीटर, २०० ची १४६, ५०० ची १५०. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण असतो, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ, आणि कडेला तिरक्या रेषा, शंभरावर चार, पाचशेवर पाच. जुन्या मळलेल्या नोटांवर उठाव लागत नाही, हे अनुभवाने सांगतो. वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे असल्यामुळे बोटाला लगेच कळते. रिझर्व्ह बँकेचे मनी नावाचे ॲप २०२० पासून आहे. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते मूल्य बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. काही आठवड्यांपुरते सोपे म्हणजे प्रत्येक मूल्याची नोट वेगळी घडी घालून ठेवणे.

फोनच्या पडद्यावरचे बोलून दाखवायला अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. ते शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करून पाहा, कारण सुरू केल्यावर फोनचे वागणे बदलते: एकदा टेकवले की नुसते नाव बोलतो, उघडायला दोनदा टेकवावे लागते, सरकवायला टॉकबॅकमध्ये दोन बोटे लागतात, व्हॉइसओव्हरमध्ये तीन. ज्यांना हे ठाऊक नसते ते फोन बिघडला म्हणून दुकानात नेतात.

आणि ठाणे स्थानकावर मोतीबिंदूच्या चष्म्याने ‘जमेल तेवढे’ म्हणून गर्दीच्या वेळी उतरू नका. मी रोज उतरतो, पण माझ्या हातात पांढरी काठी असते आणि ती मला जेवढी वाट दाखवते, त्याहून अधिक लोकांना माझी वाट सोडायला सांगते. तुमच्याकडे पाहून कोणाला काही कळत नाही.

पाचपाखाडीकर

सानपाडा_पूर्व, तुमचा प्रतिसाद कागदावर छापून नेत्र रुग्णालयांच्या प्रतीक्षाकक्षात लावावा, मोठ्या अक्षरांत. शेवटचा मुद्दा तर तंतोतंत खरा. पट्टी निघाल्यानंतर माझा डोळा बाहेरून अगदी नीट दिसत होता आणि त्यामुळे गोखले रोडवर लोक सरळ अंगावर येत, ओळखीचे हात करत आणि मी ओळख दाखवली नाही म्हणून नंतर विचारत. शेवटी मुलीच्या सल्ल्याने तपासणीला जाताना प्लॅस्टिकचे कवच दिवसाही लावू लागलो. गरज डोळ्याला नव्हती, रस्त्याला होती.

वाशीची_लेक

थोडा वेगळा अनुभव सांगते, कारण आम्ही यामुळे फार घाबरलो होतो. आईच्या एका डोळ्याची दृष्टी काचबिंदूने आधीच गेली आहे. दुसऱ्या डोळ्यात तेल भरले होते, त्या काळात तिला भिंतीवर जाळीची नक्षी दिसू लागली, मग संध्याकाळी खिडकीपाशी नऊवारी नेसलेल्या लहानखुऱ्या बायका. त्या बोलत नसत. तिला त्या खऱ्या नाहीत हे ठाऊक होते; तरी तिने आठवडाभर कोणाला सांगितले नाही, कारण ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे आम्ही म्हणू, अशी तिला भीती. डॉक्टरांनी याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात असे सांगितले. बोने हे अठराव्या शतकातले स्विस निसर्गअभ्यासक. त्यांनी आपल्या आजोबांचा असा अनुभव १७६० मध्ये लिहून ठेवला. डोळ्यांकडून मेंदूला पुरेसे चित्र पोहोचले नाही की मेंदू आपल्या साठ्यातली चित्रे उभी करतो, हा वेडाचा किंवा स्मृतिभ्रंशाचा प्रकार नव्हे. खोलीत उजेड वाढवणे, नजर पटपट इकडेतिकडे फिरवणे, उघडझाप करणे याने आईला फरक पडला, आणि दृष्टी सुधारत गेली तशा बायका येईनाशा झाल्या. आवाजही ऐकू येत असतील किंवा जे दिसते ते खरेच आहे असे माणसाला वाटत असेल, तर मात्र ते दुसरे काही असू शकते आणि वेळ न घालवता दाखवावे, असेही डॉक्टरांनी बजावले.

घरच्यांना माझी विनंती आहे की वृद्ध रुग्णाला आपण होऊन विचारा: ‘नसलेले काही दिसते का?’ तो स्वतःहून सांगणार नाही.

निवृत्त_परिचारिका

फार महत्त्वाचे लिहिलेत. विभागात आम्ही हा प्रश्न मुद्दाम विचारत असू आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचे दिसे.

घोडबंदरची_सून

सर्वांची ऋणी आहे. लग्नाचे ठरले: सासरे आणि मी इथेच राहणार, बाकीचे पुण्याला जाणार. घाटाचे गणित सासऱ्यांना वाचून दाखवले. ते स्वतः महावितरणमधून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे हट्ट एका बैठकीत संपला. काल संध्याकाळी त्यांना टेबलाशी टॉवेलवर कपाळ टेकवून अर्धा तास बसवून पाहिले. टेबल उंच पडले, मान अवघडली. आता मुलाचे अभ्यासाचे बुटके टेबल वापरणार आहोत. रबरबँड लावून झाले आहेत.

शेवटची शंका. गॅस गेल्यानंतर लगेच चष्मा करायचा का? आणि दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे काय?

निवृत्त_परिचारिका

चष्म्याची घाई करू नका. गॅस असताना नंबर काढण्यात अर्थ नसतो, आणि तो गेल्यावरही डोळा स्थिरावायला वेळ लागतो. साधारण दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर नंबर काढतात. ज्या डोळ्यात विट्रेक्टॉमी झाली त्यात, वय पन्नाशीच्या पुढे असेल तर, पुढच्या दोनेक वर्षांत मोतीबिंदू बहुधा होतोच. तो शस्त्रक्रिया फसल्याचा पुरावा समजू नये. काही शल्यविशारद म्हणूनच दोन्ही एकदम करतात. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत तसा बेत आहे का, विचारून ठेवा. मॅक्युलर होल मिटले तरी वाचनाची दृष्टी हळूहळू, कित्येक महिने सुधारत राहते आणि सरळ रेषा थोड्या वाकड्या दिसणे काहींना कायम राहते. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचा निर्णय डावा स्थिरावल्यावर. दोन्ही डोळे एकाच वेळी झाकले जातील असे वेळापत्रक कोणी सुचवले तर त्याचे कारण जरूर विचारा.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात का, याची चौकशी त्या योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे भरती होण्याआधी करा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर न्या. विमा असेल तर कंपनीला ‘डे केअर’ उपचार असे सांगून पूर्वमंजुरी घ्या, कारण रुग्ण त्याच दिवशी घरी येतो आणि चोवीस तास भरती नाही म्हणून कोणी दावा अडवू पाहिला तर तो मुद्दा कामी येतो.

पाचपाखाडीकर

वाहनाविषयी कोणी विचारले नाही, म्हणून लिहून ठेवतो. मला दुचाकी अजून बंद आहे. एका डोळ्याची सवय नसलेल्या माणसाला शेजारून येणाऱ्या गाडीचे अंतर कळत नाही आणि हेल्मेटच्या काचेवर समोरच्या दिव्यांचा प्रकाश फार पसरतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस आणि रिक्षा. बसची पाटी दिसत नसेल तर थांब्यावर ‘कितवी आहे हो?’ असे मोठ्याने विचारायचे. दोन-तीन जण तरी एकदम उत्तर देतात.

ताई, बुटक्या टेबलाखाली सासऱ्यांचे गुडघे मावतात का तेवढे आधी पाहून घ्या.